जागल्यांचा अधांतरी कायदा

१९८९ साली मुक्त विद्यापीठ आणि १९९८ साली आरोग्य विज्ञान विद्यापीठ आल्यापासून नाशिकमध्ये विद्यापीठीय नोकरदारांचा मोठा वर्ग तयार झाला. असा नोकरदार कुठेही गैरप्रकार पाहून गप्प बसला, की त्याला भित्रा ठरवतात. मला ते पटत नाही. याच जिल्ह्यात, मनमाडजवळ, २५ जानेवारी २०११ रोजी तेलभेसळ रोखायला गेलेले अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळले गेले. अधिकाऱ्याची ही गत, तर कंत्राटी लिपिकाने कोणाच्या भरवशावर तोंड उघडावे? गैरप्रकार उघड करणाऱ्या जागल्यांना संरक्षण देणारा कायदा २०१४ मध्ये संमत झाला, पण लागू झालाच नाही. संरक्षणामुळे सुडाच्या तक्रारी वाढतील, हा आक्षेप अगदीच पोकळ नाही. मात्र जाणूनबुजून केलेल्या खोट्या तक्रारीला त्या कायद्यातच दोन वर्षांपर्यंत कैद आहे आणि निनावी तक्रार तर तो स्वीकारतच नाही. उलट ही नावाची अटच, साहेबांच्या सहीवर बढती अडलेल्या माणसाला सर्वांत जड जाईल.