चर्चेतली नावं : ‘कोच कोण होणार?’ ही बातमी साधन म्हणून कशी वाचायची?

पीएच.डी.साठी विषय शोधणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, आजचा प्रश्न साधा आहे. पेपरात बातमी असते, ‘अमुक यांचं नाव आघाडीवर’. पुढे अमुक यांची निवड होतच नाही. मग त्या बातमीचं संशोधकाने काय करायचं? बहुतेक जण ‘अफवा’ म्हणून ती सोडून देतात. माझं म्हणणं, सोडू नका. निवड कोणाची झाली हे या बातमीतून कळत नाही. पण ते पद कशासाठी आहे असं तेव्हाच्या लोकांना वाटत होतं, हे मात्र कळतं.

उदाहरण २००७ चं घेऊ. मार्चमध्ये वेस्ट इंडिजमधल्या विश्वचषकात भारत बांगलादेश आणि श्रीलंकेकडून हरला आणि पहिल्याच फेरीत बाहेर पडला. एप्रिलमध्ये ग्रेग चॅपेल गेले. नवा कोच कोण, याची चर्चा देशभर सुरू झाली. बांगलादेशचे कोच डेव्ह व्हॉटमोर यांचं नाव जोरात होतं. जूनमध्ये मुलाखतीला बोलावलं गेलं ते ग्रॅहम फोर्ड आणि जॉन एम्बुरी यांना. बोर्डाने फोर्ड यांना पसंती दिली, पण त्यांनी नकार कळवला आणि इंग्लंडमधल्या केंट काउंटीकडेच राहणं पसंत केलं.

मग इंग्लंड दौऱ्यावर मॅनेजर म्हणून कोण गेलं? पुण्याचे चंदू बोर्डे. जन्म १९३४ चा, म्हणजे वय सत्तरीच्या पुढे. त्या दौऱ्यात भारताने कसोटी मालिका १–० अशी जिंकली. इंग्लंडमध्ये असा विजय १९८६ नंतर पहिल्यांदाच मिळत होता. सप्टेंबरमध्ये ट्वेन्टी-२० विश्वचषक जिंकला, तेव्हा मॅनेजर होते मुंबईचे लालचंद राजपूत. आणि कायमची नेमणूक शेवटी मिळाली गॅरी कर्स्टन यांना. त्यांनी मार्च २००८ मध्ये काम हाती घेतलं.

आता ही नावं दोन गटांत मांडून बघा. चर्चेत आणि मुलाखतीत पुढे असलेले व्हॉटमोर, फोर्ड, एम्बुरी हे तिघेही बाहेरचे आणि कोचिंगचा अनुभव असलेले. प्रत्यक्ष काम केलेल्यांपैकी दोघे घरचे, तर तिसऱ्याला कोचिंगचा म्हणावा असा अनुभव नव्हता. चर्चेचा अंदाज चुकला, हे खरंच. पण आपल्या कामाची गोष्ट वेगळी आहे. चॅपेल प्रकरणानंतर ‘परदेशी कोच नको’ असा सूर उमटत होता, तरी शोध मात्र परदेशीच माणसाचा चालला होता. बोलण्यात एक आणि यादीत दुसरंच. हा विरोधाभास तुम्हाला अंतिम नेमणुकीच्या पत्रात कधीच दिसणार नाही. तो फक्त हरलेल्या नावांत दिसतो.

इथे एक सावधगिरी हवी. कर्स्टन यांनी २०२० मध्ये एका पॉडकास्टवर सांगितलं, की आपण अर्जच केला नव्हता, सुनील गावस्कर यांच्या ईमेलवरून बोलावणं आलं आणि अवघ्या सात मिनिटांत काम मिळालं. किस्सा झकास आहे. पण तो तेरा वर्षांनी सांगितलेला आहे, आणि मध्ये २०११ चा विश्वचषक जिंकून झाला आहे. यश मिळाल्यावर सुरुवात गमतीदार वाटू लागते. म्हणून त्या वेळची बातमी आणि नंतरची आठवण ही दोन वेगळी साधनं समजा. एकीने दुसरीची भोकं बुजवू नका.

आता आपल्या भागाकडे या. बुलढाणा जिल्ह्याचं क्रिकेट विदर्भ क्रिकेट असोसिएशनकडे येतं. २०१७ मध्ये विदर्भाने चंद्रकांत पंडित यांना कोच केलं. त्यांच्या हाताखाली मुंबईने २०१५–१६ ची रणजी जिंकली होती आणि पुढच्या मोसमात अंतिम सामना हरली होती. त्यानंतर मुंबईने त्यांना पुढे ठेवलं नाही. विदर्भ तोवर रणजीच्या अंतिम फेरीतसुद्धा पोचला नव्हता. १ जानेवारी २०१८ ला इंदूरमध्ये दिल्लीला हरवून विदर्भ विजेता झाला, आणि पुढच्या वर्षी परत. ‘निवड बरोबरच होती’ असं आज कोणीही म्हणेल. पण २०१७ मध्ये उभं राहून विचारा: एका संघटनेला जो माणूस पुढे नको होता, तोच दुसरीला का हवा होता? माणूस तोच होता, बदलली होती ती अपेक्षा. संशोधनाचा प्रश्न तिथे सुरू होतो.

विषय क्रिकेटचाच हवा असं नाही. खामगाव किंवा मलकापूरच्या बाजार समितीचा सभापती कोण होणार, कॉलेजचा प्राचार्य कोण होणार, याच्या चर्चा स्थानिक पेपरांत वर्षानुवर्षं छापून येतात. वाचनालयातली फाईल काढा आणि वहीत चार रकाने आखा: तारीख, नाव, ते नाव कोणी पुढे केलं, आणि त्या माणसाचा कोणता गुण सांगितला. चौथा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. एका दशकात ‘अनुभवी’, दुसऱ्यात ‘तरुण’, तिसऱ्यात ‘सगळ्यांना चालणारा’ असे शब्द येऊ लागले, तर तुमच्या हाती एक प्रकरण लागलं म्हणून समजा. तिसरा रकानाही गाळू नका. नाव पेपरात यावं, अशी इच्छा बऱ्याचदा उमेदवाराचीच असते.

आणि नोंदी करताना निकालाचं पान शेवटपर्यंत उघडू नका. उत्तर आधी कळलं, की हरलेली नावं आपोआप हास्यास्पद वाटू लागतात आणि हात त्यांच्या नोंदी गाळतो. मग उरतं ते निकालपत्रक. ते ऑफिसात तयारच मिळतं, त्यासाठी पाच वर्षं घालवायची गरज नाही.