ब्लफ्टनचं गवत

१९९५ साल. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातलं ब्लफ्टन, शंभरेक वस्तीचं गाव. विल हॅरिस आपले गोऱ्हे डबलडेकर ट्रकमध्ये चढवत होते. ट्रक जाणार दूरच्या फीडलॉटला. फीडलॉट म्हणजे जनावरं दाटीवाटीनं कोंडून, मका चारून जाड करायचं आवार. प्रवास तीस तासांचा, वाटेत चारा नाही, पाणी नाही, आणि वरच्या मजल्यावरच्यांचं शेणमूत खालच्यांच्या अंगावर. हे त्यांनी वर्षानुवर्षं पाहिलं होतं. त्या वर्षी ते खटकलं, असं हॅरिस मुलाखतींमधून सांगत आलेत.

गोष्ट खरी असेलच. पण मन बदलायला एक दिवस पुरतो, जमीन बदलायला पुरत नाही. म्हणून मला त्या ट्रकच्या आधीचं आणि नंतरचं जास्त महत्त्वाचं वाटतं.

ही जमीन मूळची मस्कोगी लोकांची. १८१४ च्या तहात ती त्यांच्याकडून काढून घेतली गेली. पुढे या भागात गुलामांच्या कष्टावर कापूस पिकला आणि कापसानं माती झिजवली. यादवी युद्ध संपल्यावर, १८६६ मध्ये, हॅरिस यांच्या पणजोबांनी इथे शेत थाटलं. गुरं, डुकरं, कोंबड्या पाळायच्या, तिथेच कापायच्या आणि मांस गावात विकायचं. जे मातीतून निघायचं, त्यातलं बरंचसं शेणावाटे मातीतच परत जायचं. याला कुणी काही नाव देत नव्हतं.

मग दुसरं महायुद्ध संपलं. बॉम्बसाठी अमोनियम नायट्रेट बनवणारे कारखाने रिकामे झाले आणि तीच भुकटी खत म्हणून विकायला निघाली. कुरणावर टाका, पाऊस पडू द्या, गवत काळपट हिरवं होतं. असं गवत पाहून कोण नाही म्हणेल? फक्त आयतं नत्र मिळालं की गवत इतकं माजतं, की हवेतलं नत्र स्वतः बांधणारी क्लोव्हरसारखी द्विदल झाडं त्याच्याखाली दबून जातात. मग पुढच्या वर्षी पिशवी आणावीच लागते. हॅरिस यांच्या वडिलांनी ती आणली, आणि त्यांच्या पिढीच्या मानानं त्यात काही चुकीचं नव्हतं.

विल हॅरिस १९७६ मध्ये जॉर्जिया विद्यापीठातून कृषी पदवी घेऊन बाहेर पडले आणि वडिलांच्या चार पावलं पुढे गेले. मका, हार्मोनचे कानातले दाणे, जनावर आजारी नसतानाही रोजच्या खाद्यातून अँटिबायोटिक. धंदा फायद्यात होता. ते बुडत होते म्हणून बदलले नाहीत, हे लक्षात ठेवा.

आधी मका, हार्मोन आणि अँटिबायोटिक बंद झालं. मग खत आणि फवारण्या. नायट्रेटची सवय लागलेलं कुरण एकदम आखडलं आणि नफा आटला. हळूहळू पद्धत बसत गेली. गुरांचा कळप लहान तुकड्यात दाट ठेवायचा, थोड्या वेळानं पुढे हलवायचा, आणि मागच्या तुकड्याला मुळं सावरेपर्यंत विश्रांती द्यायची. गुरांनी सोडलेलं तण आणि झुडपं शेळ्यामेंढ्या खातात, कोंबड्या शेण उकरून अळ्या टिपतात. आपल्याकडे धनगरांचा वाडा रानात बसवून घेणाऱ्या शेतकऱ्याला यातलं अर्धं तरी समजावून सांगावं लागणार नाही.

‘रिजनरेटिव्ह’ हा शब्द अमेरिकेत १९८० च्या दशकात रुजवला तो रॉबर्ट रोडेल यांनी. त्यांचे वडील जे. आय. रोडेल हे अल्बर्ट हॉवर्ड यांचे भक्त. आणि हॉवर्ड यांची कंपोस्टची ‘इंदूर पद्धत’ घडली होळकरांच्या इंदुरात, १९२४ ते १९३१ या काळात, इथल्या शेतकऱ्यांचं पाहून. होळकर मूळचे धनगर. हा योगायोगच, पण मला तो सोडवला नाही.

खरा खर्च मात्र गवताचा नव्हता. गवतावर वाढलेलं जनावर शेवटी त्याच ट्रकनं, त्याच मोठ्या कत्तलखान्यात गेलं, तर भाव तोच मिळतो आणि हालही तेच. म्हणून हॅरिस यांनी शेतातच सरकारी तपासणी असलेला कत्तलखाना बांधला, २००८ मध्ये गुरांचा, २०११ मध्ये कोंबड्यांचा. त्यासाठी ७५ लाख डॉलरचं कर्ज काढलं. कर्जाशिवाय चालणारी वडिलोपार्जित जमीन तारण ठेवता आली, म्हणून ते मिळालं. बिगरजमिनीच्या किंवा कुळानं कसणाऱ्या माणसाला ही वाट खुली नव्हती. यशोगाथांमध्ये हे वाक्य सहसा गाळलं जातं. पण चार माणसांच्या शेतावर पुढे दीडशेच्या वर लोकांना काम मिळालं, तेही राज्यातल्या एका अतिशय गरीब जिल्ह्यात.

मोकळ्या कोंबड्या पाहून बाल्ड ईगल आले. डझनावारी. कायद्यानं संरक्षित राष्ट्रीय पक्षी, त्यामुळे हात लावायची सोय नाही. हजारो कोंबड्या गेल्या.

२०२० मध्ये या शेतावरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. झिजलेल्या शेतजमिनीचं कुरण झाल्यावर मातीत दर हेक्टरी वर्षाला सव्वादोन टनांहून थोडा जास्त कार्बन साठत होता. तो धरून उत्सर्जन नेहमीच्या पद्धतीपेक्षा ६६ टक्के कमी. पण तेवढ्याच मांसाला जमीन लागली अडीचपट. प्रचारक पहिला आकडा सांगतात, टीकाकार दुसरा. शिवाय कोंबड्यांचं खाद्य बाहेरून येतं, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या मातीतला कस इथे येतो. आणि माती कार्बन साठवत राहते तीही भरेपर्यंतच.

मातीपेक्षा बाजार अवघड निघाला. गवतावरच्या मांसाला मागणी वाढल्यावर ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, उरुग्वेचं स्वस्त मांस आलं. अमेरिकेत नुसतं कापून पॅक केलं तरी त्यावर ‘प्रॉडक्ट ऑफ यूएसए’ छापता येत होतं. हॅरिस यांनी याविरुद्ध जाहीर ओरड केली. मार्च २०२४ मध्ये नियम बदलला. १ जानेवारी २०२६ पासून ते शब्द छापायचे, तर जनावर अमेरिकेतच जन्मलेलं, वाढलेलं आणि कापलेलं हवं. लेबल लावणं मात्र आजही ऐच्छिक आहे.