वातानुकूलकाची निचरा नळी

वातानुकूलकाची निचरा नळी ही वातानुकूलन यंत्रात (एसी) हवेतील बाष्पापासून तयार झालेले पाणी घराबाहेर वाहून नेणारी नळी होय. ती तुंबल्यास पाणी उलट फिरून खोलीत गळू लागते. घरगुती एसीमधून पाणी गळण्याचे हे एक नेहमीचे कारण असून पुष्कळदा ते घरच्या घरी दूर करता येते.

पाणी कोठून येते

हवा तिच्या दवबिंदूपेक्षा थंड पृष्ठभागाला लागली की तिच्यातील बाष्पाचे पाणी होते. ३० अंश सेल्सियस तापमान आणि ७० टक्के सापेक्ष आर्द्रता असलेल्या हवेचा दवबिंदू सुमारे २४ अंश असतो. एसीच्या आतील कॉइल यापेक्षा पुष्कळच थंड असल्याने तिच्यावर दव जमते, ते खालच्या ट्रेमध्ये ठिबकते व तेथून नळीवाटे बाहेर जाते. दमट हवेत दीड टनाच्या एसीतून ताशी एक ते दोन लिटर पाणी निघू शकते. मुंबई व कोकण किनाऱ्यावर हे पाणी जवळजवळ वर्षभर येते. नागपूरसारख्या ठिकाणी मे महिन्याच्या कोरड्या हवेत ते अल्प असते आणि पावसाळा लागताच वाढते.

हवेतील ओलावा काढणे हे या यंत्राचे आनुषंगिक नव्हे, तर मूळ कार्य आहे. विलिस कॅरियर यांनी १९०२ साली न्यू यॉर्कच्या ब्रुकलिन भागातील एका छापखान्यासाठी जी यंत्रणा आखली, तिचा हेतू दमटपणामुळे कागद फुगून छपाईचे रंग सरकू नयेत, हा होता.

तुंबण्याची कारणे

ट्रेमध्ये सतत ओल असते. हवेतील धूळ तेथे साचते व तिच्यावर जिवाणू आणि बुरशी वाढून बुळबुळीत थर तयार होतो. नळीच्या उघड्या तोंडाशी, जेथे उजेड पोहोचतो, तेथे शेवाळ धरते. कुंभारीण माशीचे मातीचे घर किंवा इतर कीटकही नळी बंद करतात. नळीला उतार नसणे, मध्येच झोळ पडणे किंवा तिचे टोक बादलीतील पाण्यात बुडालेले असणे, यांमुळेही निचरा अडतो.

लक्षणे

आतील यंत्रातून थेंब पडणे, भिंतीवर ओघळ येणे, रंगाला पोपडे धरणे, गुळगुळ आवाज व कुबट वास ही प्रमुख लक्षणे होत. एसी चालू असूनही बाहेरच्या टोकातून पाणी येत नसेल, तर नळी तुंबल्याचा संशय बळावतो. मात्र जाळी मळल्याने किंवा प्रशीतक वायू कमी झाल्याने कॉइलवर बर्फ धरून तो वितळला, तरीही गळती होते. अशा वेळी केवळ नळी साफ करून उपयोग होत नाही.

साफ करण्याची पद्धत

१. एसी केवळ रिमोटने बंद न करता त्याचा एमसीबी खाली पाडावा.
२. नळीचे बाहेरचे टोक तपासून तेथील माती व शेवाळ काढावे. टोक उंचावर, खिडकीबाहेर असल्यास वाकून प्रयत्न करू नये. ते काम तंत्रज्ञाकडे सोपवावे.
३. पाणी ओढू शकणाऱ्या व्हॅक्यूम क्लीनरचे तोंड या टोकाला लावून भोवती फडके घट्ट गुंडाळावे व एक-दोन मिनिटे ओढ द्यावी. बहुतेक अडथळे याने निघतात.
४. एसीची जाळी काढून स्वच्छ धुवावी. नंतर कपभर कोमट पाणी ट्रेमध्ये हळूहळू सोडावे. विजेची जोडणी असलेल्या बाजूला पाणी जाऊ देऊ नये.
५. पाणी बाहेरच्या टोकातून विनाअडथळा आले, म्हणजे नळी मोकळी झाली असे समजावे.

दक्षता

नळीत व्हिनेगर आणि ब्लीच कधीही एकत्र घालू नये; त्यांच्या संयोगाने विषारी क्लोरीन वायू निर्माण होतो. नळीत उकळते पाणी ओतू नये, कारण प्लॅस्टिकची नळी मऊ पडते. जोराचा हवेचा झोत दिल्यास भिंतीतील सांधा निसटू शकतो आणि मग गळती भिंतीच्या आत, नजरेआड सुरू होते. तार खुपसल्यास नळीला भोक पडण्याचा धोका असतो.

आरोग्य आणि पाण्याचा वापर

एसीखाली ठेवलेल्या बादलीतील स्वच्छ, स्थिर पाणी डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस इजिप्ती डासाला अंडी घालण्यास सोयीचे असते. उष्ण हवेत अंड्यापासून डास होण्यास साधारणतः आठ ते दहा दिवस लागतात. म्हणून अशी बादली आठवड्यातून किमान एकदा पूर्ण रिकामी करून आतून घासावी. हे पाणी झाडांना किंवा फरशी पुसण्यास वापरता येते. ते दिसावयास निर्मळ असले, तरी ट्रेमधील जिवाणूंमुळे पिण्यास योग्य नसते.

हे सुद्धा पहा

वातानुकूलन
दवबिंदू
आर्द्रता
डेंग्यू