सुरतेचा तह : भाऊबंदकीतली भाड्याची फौज

सुरत म्हटले की मराठी वाचकाला १६६४ आणि १६७० ही साले आठवतात. शिवछत्रपतींच्या त्या दोन स्वाऱ्यांची आठवण अभिमानाची, म्हणून ती घरोघर टिकली. याच सुरतेशी जोडलेला मार्च १७७५ चा तह मात्र आपण सहसा बोलण्यात आणत नाही. मी अनेक वर्षे सुरतेत राहतो. घरात मराठी आणि बाजारात गुजराती, असे आमचे जगणे. इथल्या मराठी मुलांना स्वाऱ्यांइतकाच हा तहही सांगावा, असे मला वाटते.

३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि त्यांचे चुलते रघुनाथराव पेशवे झाले. पुढे १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर नारायणरावांच्या पश्चात त्यांचा मुलगा, सवाई माधवराव, जन्मला. त्या तान्ह्या मुलाच्या नावाने बारभाईंनी कारभार हाती घेतला. ज्यांनी अटकेपर्यंत फौजा नेल्या, त्या दादासाहेबांना पुण्याचे दरवाजे बंद झाले. आसरा शोधत ते सुरतेला आले. तापीकाठचा किल्ला १७५९ पासून इंग्रजांच्या हातात होता.

मुंबईकर इंग्रजांनी अडीच हजार फौज देण्याचे कबूल केले. खर्चापोटी दरमहा दीड लाख रुपये, तारण म्हणून सहा लाखांचे जवाहीर, शिवाय साष्टी, वसई आणि सुरत-भडोचच्या वसुलातला हिस्सा, अशी किंमत ठरली. साष्टी-वसई दादासाहेबांचे सख्खे काका चिमाजी आप्पा यांच्या मोहिमेत पोर्तुगीजांकडून जिंकलेली होती. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. साष्टीतला ठाण्याचा किल्ला इंग्रजांनी डिसेंबर १७७४ अखेरच घेतला होता. म्हणजे मोबदला आधी उचलला आणि मदतीचा कागद मागाहून झाला!

कर्नल कीटिंग फौज घेऊन निघाला. १८ मे १७७५ रोजी आणंदजवळ अडास येथे हरिपंत फडक्यांशी लढाई झाली. इंग्रजांनी मैदान राखले, पण माणसे पुष्कळ गमावली. पावसाळा आला आणि पुणे दूरच राहिले. इकडे कलकत्त्याच्या वरिष्ठ कौन्सिलने मुंबईकरांचा हा उद्योगच नामंजूर केला. १७७६ च्या पुरंदरच्या तहाने सुरतेचा तह रद्द झाला, साष्टी मात्र इंग्रजांकडेच राहिली. जानेवारी १७७९ मध्ये वडगावला इंग्रजांनी शरणागती लिहून दिली. मुंबईने तीही मानली नाही. शेवटी १७८२ च्या सालबाईच्या तहात वसई परत मिळाली, साष्टी गेली ती गेलीच. दादासाहेबांच्या वाट्याला दरमहा पंचवीस हजारांची नेमणूक आली. कोपरगावी १७८३ च्या डिसेंबरात त्यांचा शेवट झाला.

सारा दोष दादासाहेब आणि आनंदीबाईंवर टाकून मोकळे होणे सोपे आहे. पण परक्यांचा आधार पुण्यानेही शोधला होता. १७७७ मध्ये सेंट ल्यूबिन नावाचा फ्रेंच माणूस नाना फडणविसांकडे आला, तेव्हा त्याचे चांगले स्वागत झाले. फरक इतकाच, की नानांनी त्याला मुलूख तोडून दिला नाही.

माझ्या मते सुरतेच्या तहाचा अर्थ इथेच आहे. परकी फौज बोलावणाऱ्याला वाटते, आपण शिपाई भाड्याने आणले. काम झाले की ते जातील. पण येणाऱ्याची नजर तारणावर असते. धनी जिंको वा हरो, तारण त्याच्याच खिशात राहते. १८०२ मध्ये दादासाहेबांचेच चिरंजीव दुसरे बाजीराव वसईच्या तहावर सही करून बसले. या वेळी इंग्रजी फौज कायमची आली, सव्वीस लाखांचा मुलूख तिच्या खर्चाला गेला आणि सुरतेवरचा हक्कही सुटला. पुढे सोळाच वर्षांत पेशवाई संपली.

भाऊबंदकी कोणत्या घरात नसते? घरातले भांडण एखाद्या पिढीत मिटतेही. पण त्यापायी गहाण टाकलेली जमीन पुढच्या पिढ्यांना परत मिळत नाही.