ठाणबंद घोडा आणि रस्त्यावरचा धावपटू

घोडबंदर गाव साष्टीच्या उत्तर टोकाला, वसईच्या खाडीकाठी आहे. पोर्तुगीजांनी बांधलेला इथला किल्ला 1737 मध्ये मराठ्यांनी घेतला, 1818 मध्ये तो इंग्रजांकडे गेला आणि आज तो मीरा-भाईंदरच्या हद्दीत आहे. अरबस्तानातून आलेले घोडे या बंदरात उतरत, त्यावरूनच गावाला नाव पडलं, असं स्थानिक परंपरा सांगते. आता घोडबंदर म्हटलं की लोकांना गायमुखचा घाट आणि वाहनांची रांग आठवते. मात्र पहाटे, वाहतूक वाढण्याआधी, याच रस्त्यावर धावणारी माणसंही दिसतात. 2004 मध्ये मुंबई मॅरेथॉन सुरू झाल्यापासून या किनारपट्टीत हौशी धावपटूंची संख्या वाढत गेली आणि तिच्याबरोबर नडगी, गुडघा, टाच, घोट्यामागची शीर यांची दुखणीही वाढली. या दुखण्यांचं कारण बहुतेक जण बुटात, रस्त्यात किंवा आपल्या पायाच्या ठेवणीत शोधतात. घोड्यांचा इतिहास वेगळंच कारण पुढे करतो, आणि मला ते जास्त खरं वाटतं: धावणारा पाय बिघडतो तो बहुधा विश्रांती आणि मेहनत यांचा मेळ चुकल्यामुळे. हे ओळखणारा माणूस पायाजवळ नसला, की साधी दुखापतही मोठी होते.

तेराव्या शतकाच्या अखेरीस हा किनारा घोड्यांसाठी किती आसुसलेला होता, हे मार्को पोलोच्या वृत्तांतातून कळतं. ठाण्याच्या राजाने चाच्यांशी करार केला होता, असं तो सांगतो: लुटीतले घोडे राजाचे, बाकीचा माल चाच्यांचा. राजाकडे स्वतःची पैदास नव्हती आणि हिंदुस्थानाकडे येणाऱ्या जवळपास प्रत्येक जहाजात घोडे असत. तमिळ किनाऱ्यावरच्या माबरबद्दल त्याने लिहिलेलं तर याहून बोलकं आहे. तिथला राजा दरवर्षी दोन हजारांवर घोडे सोनं मोजून घेई आणि वर्षअखेरीस त्यांतले मोजकेच जिवंत राहत, कारण त्यांची निगा राखणारे नालबंद त्या देशात नव्हते. होर्मुझ, एडन, धोफारचे व्यापारी नालबंदांना तिकडे जाऊच देत नसत. घोडे मेले तरच पुढच्या वर्षी नवे खपणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

त्याच सुमाराचा फारसी इतिहासकार वस्साफ आणखी खोलात जातो. तो सांगतो की हे घोडे आणल्यावर चाळीस दिवस तबेल्यात दोऱ्या-खुंट्यांनी जखडून ठेवत आणि भाजलेले जव, लोणी घालून शिजवलेलं धान्य चारून लठ्ठ करत. मग कसलीही तालीम न देता शिपाई त्यांच्यावर स्वार होऊन त्यांना बेफाम पळवत. थोड्याच दिवसांत उत्तमातला उत्तम घोडा मंद आणि निकामी होई. धावण्याच्या दुखापतींवरच्या आजच्या कुठल्याही पुस्तकात हा उतारा शोभून दिसेल. जहाजावर कित्येक आठवडे उभं राहणं, मग चाळीस दिवस ठाणबंद असणं आणि त्यानंतर एकाएकी भरधाव दौड, असा तो क्रम आहे. वर्षभर खुर्चीत बसून ऑक्टोबरात जानेवारीच्या शर्यतीसाठी नाव नोंदवणाऱ्या आणि पहिल्याच पंधरवड्यात दहा किलोमीटर गाठणाऱ्या माणसाचा क्रम याहून फार वेगळा नसतो.

यावर पहिला आक्षेप असा की हे दोघेही परके. इथल्या लोकांना घोडं कळत नाही हा त्यांचा पूर्वग्रहच असणार. आक्षेपात तथ्य आहे. जयदत्ताचं ‘अश्ववैद्यक’ किंवा नकुलाच्या नावावरचं अश्वशास्त्र ज्या देशात लिहिलं गेलं, त्याला अश्वविद्या ठाऊक नव्हती असं म्हणणं चूकच. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: घोडे हवेने आणि रोगाने मरत. ‘सर्रा’ या जीवघेण्या रोगाचा परोपजीवी ग्रिफिथ इव्हान्सने 1880 मध्ये पंजाबात शोधून काढला. चावऱ्या माश्यांमधून पसरणाऱ्या त्या रोगापुढे कुठला नालबंद काय करणार होता? तेव्हा सगळे मृत्यू निगेच्या अभावी झाले, असं मीही म्हणत नाही. पण वस्साफ मरणाबद्दल बोलत नाही; धडधाकट घोडा मंद आणि निरुपयोगी होण्याबद्दल बोलतो, आणि ते रोगापेक्षा राबवण्याच्या पद्धतीकडे बोट दाखवतं. शिवाय ग्रंथात विद्या असणं आणि खुंट्याजवळ माणूस असणं यांत फार अंतर आहे.

हे अंतर कसं भरून निघतं, याचा पुरावा मराठीतच आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस कृष्णाजी अनंत सभासदाने जिंजीस लिहिलेल्या बखरीत शिवाजी महाराजांच्या पागेची व्यवस्था दिली आहे: पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी (पाणी वाहणारा) आणि एक नालबंद. पावसाळ्यात फौज छावणीला परते, तेव्हा दाणा, वैरण आणि औषधं आधीच तयार असत, पागा शाकारलेल्या असत. दसरा झाला की कूच. चार महिने छावणी आणि मग मोहीम, हाही ठाणबंदीचाच प्रकार झाला, असं कुणी म्हणेल. फरक पुढच्या टप्प्यात आहे. मोहीम मजल दरमजल चालते, पहिल्याच दिवशी भरधाव सुटत नाही. आणि पंचवीस घोड्यांमागे एक माणूस रोज खूर उचलून बघणारा असतो. भीमा नदीकाठच्या पागांमधली भीमथडी तट्टं काटक म्हणून नावाजली गेली. त्यांच्या रक्ताचं कौतुक खूप झालं. नालबंदाच्या नेमणुकीचं मात्र कुणी फारसं केलं नाही.

माणूस म्हणजे घोडा नव्हे, हे खरं. त्याला खूर नाही आणि तो दोनच पायांवर पळतो. तरी हाड ते हाडच. 1855 मध्ये ब्राइटहाउप्ट या प्रशियन लष्करी डॉक्टरने लांब कूच करणाऱ्या शिपायांच्या सुजलेल्या पावलांचं वर्णन केलं. एक्स-रे आल्यावर शतकाच्या शेवटी कळलं की तळव्याच्या हाडांना बारीक चिरा जात होत्या. पडणं नाही, मार नाही, केवळ चालणं वाढलं होतं. भार वाढला की हाड आधी आतून पोखरलं जातं आणि मग नव्याने भरलं जातं. पोखरण्याला साधारण तीन आठवडे लागतात, भरायला काही महिने. म्हणून नव्याने धावू लागलेल्या माणसाचं हाड तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात आधीपेक्षा थोडं कच्चंच असतं, आणि नेमका तेव्हाच त्याचा दम वाढलेला असतो. हृदय आणि फुप्फुसं लवकर तयार होतात, कंडरा आणि हाडं फार मागून येतात. या तफावतीतच नडगीचं दुखणं जन्म घेतं. शर्यतीच्या कोवळ्या घोड्यांची नडगी दुखावते, त्यावर पेनसिल्व्हेनियात डेव्हिड न्यूनामेकर यांनी केलेलं काम इथे मोलाचं आहे. केवळ संथ, लांब दौडीत तयार झालेलं हाड शर्यतीच्या वेगाला तयार नसतं. थोड्या अंतराच्या वेगवान धावा अधूनमधून दिल्या, तर ते त्या वेगासाठी घडतं. म्हणजे भार कमी असून चालत नाही, तो योग्य जातीचा आणि टप्प्याटप्प्याने वाढणारा लागतो.

बुटांचं काय, हा प्रश्न उरतोच. 1919 मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यतीत अनवाणी धावणारी मुलं पाहून दोराबजी टाटा प्रभावित झाले, आणि पुढच्याच वर्षी अँटवर्प ऑलिंपिकला भारतीय संघ गेला. त्यात बेळगावचे फडेप्पा दारेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले. यावरून बूटच घातक ठरवणारे बरेच आहेत, पण हा निष्कर्ष घाईचा आहे. त्या मुलांचे पाय लहानपणापासून अनवाणी घडलेले होते. चाळिशीत अचानक बूट टाकणारा आपल्या पोटरीवर आणि तळव्याच्या हाडांवर चाळीस दिवसांच्या ठाणबंदीनंतरची दौडच लादतो. नवे, महाग, जाड बूट घेऊन दुखणं पळेल ही आशाही तितकीच फोल, आणि माबरच्या राजाच्या खरेदीच्या जवळ जाणारी.

माझ्या मांडणीवरचा सर्वांत कठीण आक्षेप हॉलंडमधून येतो. ग्रोनिंगेनमध्ये 2008 साली 532 नवशिक्या धावपटूंवर प्रयोग झाला. अर्ध्यांना 13 आठवड्यांचा हळूहळू वाढणारा कार्यक्रम दिला, बाकीच्यांना 8 आठवड्यांचा नेहमीचा. दोन्ही गटांत सुमारे पाचांतला एक जण जायबंदी झाला. मग सावकाशीचा उपयोग काय? मला यातून दिसतं ते असं, की आठवड्याला इतके टक्के वाढवा हा एकच नियम सगळ्यांना लावून भागत नाही. वजन, झोप, जुनी दुखापत आणि स्नायूंची ताकद प्रत्येकाची निराळी असते. ताकदीचा व्यायाम खेळातल्या दुखापती एक-तृतीयांशाच्याही खाली आणतो, असं 2014 च्या एका मोठ्या आढाव्यात दिसलं. त्यातले खेळाडू मुख्यतः इतर खेळांचे होते, हेही सांगायला हवं. वेळापत्रक छापता येतं, पण पाय कुणीतरी बघावाच लागतो.

आणि बघायचं कसं, हे सलोत्र्यांना, म्हणजे घोड्यांच्या वैद्यांना, ठाऊक होतं. घोडा कठीण जमिनीवर दुडक्या चालीने पुढे न्यायचा आणि मान पाहायची: दुखरा पुढचा पाय टेकताना मान वर जाते, चांगला टेकताना खाली. मग हात नडगीवरून सावकाश खाली फिरवून कुठे ऊब लागते ते चाचपायचं. माणसालाही हेच करता येतं. नडगीच्या आतल्या कडेवरून अंगठा दाबत खाली आणावा. चार-पाच बोटांच्या पट्ट्यात पसरलेली, धावायला लागल्यावर सैल होणारी वेदना बहुधा शिन स्प्लिंटची असते. अंतर कमी करावं, पोटरी बळकट करावी, चालत-धावत परत यावं. पण एकाच बिंदूवर टोचणारी, धावताना वाढत जाणारी, रात्रीही ठणकणारी वेदना असेल तर धावणं त्याच दिवशी थांबवून डॉक्टर गाठावा. सुरुवातीच्या आठवड्यांत एक्स-रे स्वच्छ आला तरी चीर असू शकते, ती एमआरआयमध्ये दिसते.

विश्रांतीबद्दलची समजूतही बदलली आहे. विश्रांती, बर्फ, आवळपट्टी आणि पाय उंच ठेवणं हे सूत्र 1978 मध्ये गेब मर्किन या अमेरिकन डॉक्टरने रूढ केलं आणि पुढे त्यानेच सांगितलं की बर्फ आणि संपूर्ण विश्रांतीने भरणं लांबू शकतं. घोट्यामागच्या कंडरेवर तर भार हाच उपचार ठरला: 1998 मध्ये स्वीडनच्या हाकान आल्फ्रेडसन यांनी पंधरा हौशी धावपटूंना पायरीच्या कडेवर उभं करून टाच सावकाश खाली सोडायला लावली, पंधरा-पंधराच्या तीन फेऱ्या, दिवसातून दोनदा, बारा आठवडे. पंधराही जण पुन्हा धावू लागले. इतकं चिकाटीचं काम एकट्याने नेटाने होत नाही. ठाणे-मीरा-भाईंदरमधल्या धावण्याच्या गटांनी टी-शर्ट आणि पदकांसाठी काढलेल्या वर्गणीतला काही भाग फिजिओथेरपिस्टसाठी राखावा. पंचवीस जणांमागे एक, महिन्यातून दोनदा, आणि त्याने घाटाच्या पायथ्याशी उभं राहून उतरणाऱ्या प्रत्येकाचं पाऊल कसं पडतं ते पाहावं.