चोवीस वर्षं थांबलेलं औषध

कुत्र्यांच्या कुशिंग आजारावरचं पहिलं प्रभावी औषध कीटकनाशकाच्या चाचणीतून हाती आलं. ही हकीकत सहसा सुदैवी योगायोग म्हणून सांगितली जाते, पण तारखा शेजारी शेजारी ठेवल्या की तेवढ्यानं समाधान होत नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनातल्या नेल्सन आणि वुडर्ड यांनी डीडीटीचं भावंड असलेलं डीडीडी कुत्र्यांना खाऊ घालून पाहिलं आणि १९४९ मध्ये निष्कर्ष छापले. कुत्र्यांच्या यकृताला इजा झाली होतीच, शिवाय मूत्रपिंडांजवळच्या ॲड्रिनल ग्रंथींचा बाहेरचा थर पार झिजून गेला होता. याच थरात कॉर्टिसॉल तयार होतं आणि कुशिंगमध्ये तेच बेसुमार वाढतं. तरीही या पदार्थानं आजारी कुत्र्यांवर केलेल्या उपचारांचा अहवाल कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिसमधल्या पशुवैद्यांनी प्रसिद्ध केला तो थेट १९७३ मध्ये. मधली चोवीस वर्षं औषध समोर होतं. माझ्या मते ते अडून राहिलं निदानापाशी.

योगायोगाचा वाटा मी नाकारत नाही. डीडीडीचा हा मारा कुत्र्याच्या ॲड्रिनलवर विशेष जोरात होतो. चाचणी फक्त उंदरांवर झाली असती, तर ही गोष्ट इतक्या ठळकपणे दिसली नसती. पण ग्रंथी झिजली म्हणून ती कुणाला दिसतेच असं नाही. तिचे पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली धरावे लागतात, आणि पोटातल्या एवढ्याशा ग्रंथीसाठी तेवढी मेहनत घेणारा माणूस तिथे असावा लागतो. पुढचं काम तर निव्वळ चिकाटीचं होतं. बाजारातलं डीडीडी म्हणजे मिश्रण. त्यातला ग्रंथीवर चालणारा नेमका घटक १९५०च्या दशकाच्या अखेरीस वेगळा काढण्यात आला. तोच आज मायटोटेन या नावानं ओळखला जातो. त्याच सुमारास माणसांच्या ॲड्रिनलच्या कर्करोगावर तो वापरून पाहायला सुरुवात झाली आणि १९७०मध्ये अमेरिकेत त्याला त्यासाठी मान्यता मिळाली. म्हणजे कुत्र्यात सापडलेला गुण आधी माणसाच्या कामी आला, कारण माणसाच्या त्या रोगाला नाव होतं आणि तो ओळखण्याची रीतही होती.

कुत्र्याच्या बाबतीत नेमकी तिथेच अडचण होती. हार्वी कुशिंगनं पीयूषिका ग्रंथीतली बारीक गाठ आणि माणसातली कुशिंग आजाराची लक्षणं यांचा संबंध १९३२ मध्ये मांडला. कुत्र्यांतही बहुसंख्य रुग्णांत मूळ बिघाड पीयूषिकेतच असतो, आणि ॲड्रिनल तिच्या हुकमावरून जास्तीचं काम करत राहते. पण हे कुत्रं बहुधा उतारवयाकडे झुकलेलं. पोट सुटलेलं, अंगावरचे केस विरळ, कातडी पातळ, धाप लागते, पाणी सारखं हवं आणि घरात लघवी होते. यातली प्रत्येक गोष्ट ‘वय झालं’ या दोन शब्दांत सहज मावते. हा म्हातारपणाचा थकवा आहे की ग्रंथीचा आजार, हे ठरवायला रक्तातलं कॉर्टिसॉल खात्रीनं मोजता यायला हवं होतं, आणि ती सोय १९६०च्या दशकात हळूहळू आली. नेदरलँड्समधल्या उट्रेख्टच्या राइनबर्क आणि सहकाऱ्यांनी १९६८ मध्ये कुत्र्यांतल्या या आजारावर लिहिलं, तेव्हा कुठे हा रोग पशुवैद्यकात पाय रोवू लागला. आणखीही एक अट होती. ग्रंथी जाळणारं औषध जास्त झालं, तर कुत्रं उलट्या होऊन कोलमडतं. त्याला वाचवायला बाहेरून कॉर्टिसोनसारखं संप्रेरक द्यावं लागतं. ते औषध म्हणून हाताशी आलं १९४८ नंतरच.

कोणी म्हणेल, मोजमापाला मी अवाजवी महत्त्व देतो, डोळसपणे पाहणाऱ्याला आजार दिसलाच असता. या आक्षेपात तथ्य आहे, कारण मायटोटेनचे उपचार प्रत्यक्षात घरातल्या नजरेवरच चालले. सुरुवातीला किलोमागे रोज सुमारे ५० मिलिग्रॅम, तेही जेवणासोबत, कारण औषध स्निग्ध पदार्थात मिसळून अंगी लागतं. मग भांड्याकडे लक्ष ठेवायचं. दहा किलोचं कुत्रं दिवसाला लिटरभराहून जास्त पाणी पीत असेल, तर ते सहाशे मिलिलिटरच्या आत यायला हवं. आणि ताटलीवर तुटून पडणारं जनावर एके दिवशी खाता खाता मान वर करून माणसाकडे बघतं, तेव्हा रोजचा डोस थांबवायचा आणि पुढे आठवड्याच्या हिशेबानं द्यायचा. पण ही नजर कामाला आली ती रोगाचं नाव ठरल्यानंतर. त्याआधी तीच माणसं तेच भांडं रोज भरत होती.

दुसरा आक्षेप जास्त बोचतो. हे ज्ञान निरोगी कुत्र्यांना विष चारून मिळालं. ते खरं आहे, आणि औषधानं पुढे हजारो कुत्र्यांना आराम दिला म्हणून तो हिशेब मिटत नाही. त्याच डीडीडीनं कॅलिफोर्नियातल्या क्लिअर लेकवर काय केलं, हे लेखिका रेचेल कार्सननं १९६२ मध्ये लिहिलं आहे. चिलटांसाठी पाण्यात अत्यल्प प्रमाणात टाकलेलं विष माशांतून पाणपक्ष्यांपर्यंत पोचलं आणि त्यांच्या चरबीत दशलक्षाला १,६०० भाग इतकं साठलेलं आढळलं. डीडीडी कुत्र्याची ॲड्रिनल नष्ट करतं, हेही तिनं तिथेच नोंदवलं होतं.

मायटोटेननंतर ट्रायलोस्टेन हे दुसरं औषध आल्यावर उपचारांचं चित्र पालटलं. हे औषध ग्रंथी मारत नाही, कॉर्टिसॉल घडवण्याच्या वाटेवरचं एक विकर रोखतं, आणि बंद केलं की परिणाम बहुधा ओसरतो. अमेरिकेत १९९४ मध्ये ते माणसांसाठी विकणं थांबलं, २००८च्या डिसेंबरमध्ये कुत्र्यांसाठी मंजूर झालं. नवं म्हणून ते जास्त आयुष्य देतं, असं मात्र २००५ साली प्रसिद्ध झालेल्या १४८ कुत्र्यांच्या अभ्यासात दिसलं नाही. ट्रायलोस्टेनवर मध्यक आयुर्मान ६६२ दिवस भरलं, मायटोटेनवर ७०८, आणि वय-वजन धरता हा फरक अर्थपूर्ण ठरला नाही. मोठा फायदा आहे तो माघारी फिरता येण्याचा. डोस ठरवताना मात्र अजूनही पहिली विचारणा घराकडेच होते, आणि रक्ताचा आकडा बरा आला तरी पाण्याचं भांडं रात्रीतून दोनदा भरावं लागत असेल, तर गोळीचं प्रमाण पुन्हा तपासलं जातं.