ज्या नाटकातून मायामीचे प्रेक्षक उठून गेले, ते १४०० कैद्यांनी शेवटपर्यंत पाहिलं!

तारीख १९ नोव्हेंबर १९५७. ठिकाण कॅलिफोर्नियातला सॅन क्वेंटिन तुरुंग. कैद्यांच्या जेवणाच्या हॉलमध्ये त्या दिवशी तात्पुरता रंगमंच उभारला होता आणि समोर सुमारे १४०० कैदी बसले होते. या तुरुंगात याआधी नाटक झालं होतं ते थेट १९१३ साली, जगप्रसिद्ध फ्रेंच अभिनेत्री सारा बर्नहार्ट आली होती तेव्हा. म्हणजे मधली तब्बल ४४ वर्षं कोरडीच गेली होती.

पडद्यामागे नटांच्या पोटात गोळा आला होता, आणि त्याला कारणही तसंच होतं. नाटक होतं सॅम्युअल बेकेटचं ‘वेटिंग फॉर गोदो’. भलेभले रसिक ज्याच्यापुढे हात टेकत होते, असं नाटक!

ही नाटक मंडळी होती तरी कोण?

संस्थेचं नाव ‘अ‍ॅक्टर्स वर्कशॉप’. १९५२ साली सॅन फ्रान्सिस्कोमध्ये हर्बर्ट ब्लाऊ आणि ज्यूल्स आयर्विंग या दोन मित्रांनी ती सुरू केली. दोघंही तिथल्या स्टेट कॉलेजात शिकवायचे. दोघांच्या बायका, बिआट्रिस मॅन्ली आणि प्रिसिला पॉइंटर, या अभिनेत्री होत्या आणि संस्थेच्या पहिल्या फळीत होत्या. (‘कॅरी’ सिनेमात दिसलेली एमी आयर्विंग ही ज्यूल्स आणि प्रिसिला यांचीच मुलगी.)

सुरुवात अगदी साधी होती. एका ज्युदो शिकवणाऱ्या क्लासच्या वरच्या माळ्यावर तालमी चालायच्या. त्या काळी अमेरिकेत नाटक म्हणजे न्यूयॉर्कचं ब्रॉडवे, असंच समीकरण होतं. ज्याला नट व्हायचं तो न्यूयॉर्क गाठायचा. ब्लाऊ आणि आयर्विंग यांचं म्हणणं होतं की आपल्याच शहरात राहून, गल्ल्याची काळजी न करता, गंभीर नाटक करता आलं पाहिजे.

म्हणूनच त्यांनी इतरांनी हात न लावलेली नाटकं उचलली. जर्मन नाटककार बर्टोल्ट ब्रेख्त यांचं ‘मदर करेज’ अमेरिकेत पहिल्यांदा इंग्रजीतून व्यावसायिक पातळीवर उभं केलं ते याच संस्थेनं, १९५६ मध्ये. आणि त्यानंतर हाती घेतलं ‘गोदो’.

‘गोदो’मध्ये असं काय होतं?

खरं तर प्रश्न उलटा आहे. त्यात काय नव्हतं? गोष्ट नव्हती, खलनायक नव्हता, शेवट नव्हता. एका रस्त्यावर, एका झाडाखाली दोन भणंग माणसं गोदो नावाच्या कुणाची तरी वाट पाहत बसतात. बोलतात, भांडतात, वेळ काढतात. संध्याकाळी एक मुलगा येऊन निरोप देतो की गोदो आज येणार नाहीत, उद्या नक्की येतील. दुसऱ्या अंकात पुन्हा तेच. गोदो शेवटपर्यंत येत नाही!

बेकेटनं हे नाटक फ्रेंचमध्ये लिहिलं. जानेवारी १९५३ मध्ये पॅरिसला त्याचा पहिला प्रयोग झाला. पुढे त्यानंच ते इंग्रजीत आणलं. १९५६ च्या जानेवारीत अमेरिकेतला पहिला प्रयोग मायामीत झाला. तिथं जाहिरात अशी केली होती की जणू पोट धरून हसवणारं नाटक आहे. सुट्टीसाठी आलेले श्रीमंत प्रेक्षक नटूनथटून आले आणि पहिल्या अंकानंतर त्यातले बरेच जण चालते झाले.

मग हे नाटक तुरुंगात कसं गेलं?

त्यामागचं कारण ऐकून गंमत वाटेल. नाटकात एकही स्त्री पात्र नाही. पुरुषांच्या तुरुंगात नाटक न्यायचं, तर ही गोष्ट अधिकाऱ्यांच्या दृष्टीनं सोयीची होती. निवडीमागे हेही एक कारण होतं!

दिग्दर्शक ब्लाऊ प्रयोगाआधी रंगमंचावर आले. नाटकाचा अर्थ समजावण्याच्या भानगडीत ते पडले नाहीत. जॅझ संगीत ऐकताना आपण त्यात जे सापडेल ते घेतो, तसंच हे नाटकही पाहा, एवढंच त्यांनी सांगितलं.

काही कैदी तर थोडा वेळ बसून निघून जायच्या बेतानं आले होते. पण ते उठले नाहीत. हॉल शांत झाला आणि शेवटपर्यंत शांत राहिला.

नाटकाच्या जाणकारांना पडलेलं कोडं कैद्यांना पडलंच नाही. रोज तोच दिवस, तेच चार चेहरे, वेळ काढण्यासाठी केलेली तीच बडबड आणि ‘उद्या’ येणारा निरोप. हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. गोदो म्हणजे कोण, असं विचारल्यावर एकानं सांगितलं, समाज. दुसरा म्हणाला, बाहेरचं जग. तुरुंगाच्या वर्तमानपत्रातही नाटकावर लिहून आलं आणि ‘गोदो’ हा शब्द कैद्यांच्या रोजच्या बोलण्यात रुळला.

समीक्षक मार्टिन एस्लिन यांनी १९६१ मध्ये अ‍ॅब्सर्ड नाटकांवर जो गाजलेला ग्रंथ लिहिला, त्याची सुरुवातच या प्रयोगाच्या हकिगतीनं केली आहे.

एक गोष्ट मात्र लक्षात घ्यायला हवी. तुरुंगात झालेला ‘गोदो’चा हा पहिला प्रयोग नव्हे. १९५३ मध्येच जर्मनीतल्या ल्युट्रिंगहाउझेन तुरुंगात कैद्यांनी स्वतः जर्मनमध्ये भाषांतर करून हे नाटक बसवलं होतं.

जो हॉलमध्ये नव्हताच, त्याची गोष्ट

त्या दिवशी रिक क्लची नावाचा एक तरुण कैदी हॉलमध्ये नव्हता. अपहरण आणि सशस्त्र दरोड्यासाठी तो जन्मठेप भोगत होता आणि पॅरोलवर सुटण्याची आशाही त्याला नव्हती. त्याला कोठडीबाहेर सोडलं नव्हतं. त्यानं अख्खं नाटक कोठडीतल्या स्पीकरवर फक्त ऐकलं.

तेवढं ऐकणं पुरेसं ठरलं. पुढे त्यानं इतर कैद्यांसोबत ‘सॅन क्वेंटिन ड्रामा वर्कशॉप’ उभं केलं. त्यांचं छोटं नाट्यगृह होतं तुरुंगातल्या जुन्या फाशीघराच्या खोलीत! तिथं त्यांनी ‘गोदो’सह बेकेटची नाटकं केली. क्लचीनं ‘द केज’ हे स्वतःचं नाटकही लिहिलं. राज्यपालांनी शिक्षा सौम्य केली आणि १९६६ मध्ये तो पॅरोलवर सुटला.

त्यानंतर जे झालं ते एखाद्या सिनेमात शोभेल असं आहे. क्लची बेकेटला भेटला. १९७५ मध्ये बेकेट स्वतः बर्लिनला ‘गोदो’ बसवत होता, तेव्हा क्लची त्याच्या हाताखाली काम करत होता. १९७७ मध्ये बेकेटनं त्यालाच घेऊन ‘क्रॅप्स लास्ट टेप’ दिग्दर्शित केलं. तोपर्यंत बेकेट नोबेल विजेता झाला होता. क्लची २०१५ मध्ये वारला, तोपर्यंत बेकेटच्या नाटकांशी त्याचं नातं सुटलं नाही.

अ‍ॅक्टर्स वर्कशॉपचं पुढे काय झालं?

१९५८ मध्ये संस्थेनं ‘गोदो’ ब्रसेल्सच्या जागतिक प्रदर्शनात नेलं. नाव झालं, पण पैशांची ओढाताण काही संपली नाही. १९६५ मध्ये ब्लाऊ आणि आयर्विंग यांना न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरमधल्या नाट्यसंस्थेची जबाबदारी मिळाली आणि अनेक नट त्यांच्यासोबत गेले. न्यूयॉर्कवाचून नाटक करता येतं हे दाखवणारी मंडळी शेवटी न्यूयॉर्कलाच गेली. तिथलं त्यांचं पहिलंच नाटक समीक्षकांना रुचलं नाही. ब्लाऊ १९६७ मध्ये बाहेर पडले, आयर्विंग १९७२ पर्यंत टिकले. इकडे सॅन फ्रान्सिस्कोतली मूळ संस्था १९६६ मध्येच बंद झाली होती.

चौदा वर्षांत या संस्थेनं कितीतरी नाटकं केली. तिचं नाव आज घेतलं जातं ते मुख्यतः एका प्रयोगामुळे. त्या प्रयोगाला तिकीट नव्हतं, आणि त्याचा सर्वांत मोठा परिणाम झाला तो ज्यानं नाटक डोळ्यांनी पाहिलंच नव्हतं त्याच्यावर.